नाना दिवसभर राबतात, मग डोकं जड का?

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी नाना ओट्यावर बसले होते. नाना म्हणजे माझे चुलते, वय बासष्ट. आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीपासून कोसभर आत. केळीची बाग, थोडा कापूस, दोन म्हशी, आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत नानांच्या अंगाला बसणं माहीत नाही. रात्री झोप लागत नाही अशी त्यांची तक्रार काकूकडून कानावर आली होती, म्हणून मी सहज म्हणालो, "नाना, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला चला. बरं वाटेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांना टाय बांधून वावरात जायला सांगितलं होतं.

"दिनभर वावरमा राबस मी. आते आखो फिराले जाऊ का?"

मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आंग थकस रे, पन डोकं काई थांबत नही."

मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो. पहिल्या वाक्यावर हसून वेळ मारून नेता आली असती. दुसऱ्या वाक्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्यायामानं मन हलकं होतं, विचार सुटसुटीत होतात, हे आपण मुलांना सांगतो, भिंतीवर लिहितो. तसं असेल तर गावात सगळ्यांत शांत झोप नानांना लागायला हवी, आणि सगळ्यांत जड डोकं माझ्यासारख्या खुर्चीवरच्या माणसाचं असायला हवं. घरात चित्र उलटं होतं. शरीर हललं की मेंदूत नक्की काय होतं, इथून मग मी वाचायला सुरुवात केली.

मेंदू साधारण दीड किलोच्या आतबाहेरचा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते बसलेलो असतानाही शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला सुमारे २० टक्के हिस्सा हा एकटा खातो. शिवाय त्याच्याकडे कणगी नाही. साठवण जवळपास शून्य, रक्तातून येईल त्यावर घटकाघटका जगायचं. आपण भराभर चालायला लागलो की हृदय जोरात पंप करतं, आणि डोपामिन, नॉरॲड्रेनालिन अशी रसायनं मेंदूत वाढतात. कपाळामागच्या भागाला त्यांचा विशेष उपयोग होतो. लक्ष एका जागी धरणं, मोह आवरणं, पुढचा बेत आखणं ही कामं त्याच भागाची.

याचा परिणाम किती लवकर दिसतो? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या वीस मुलांवर एक साधा प्रयोग झाला. एके दिवशी मुलांना २० मिनिटं यंत्रावर मध्यम वेगानं चालायला लावलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ शांत बसवलं, आणि दोन्ही वेळा नंतर चाचण्या घेतल्या. चालल्यानंतर त्यांचं लक्ष जास्त नेमकं होतं, आणि वाचलेलं समजण्याची चाचणीही त्यांनी जास्त चांगली दिली. हे वाचलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला नाहीतर विज्ञानाला देऊन टाकायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. मी तो तास कितीदा घेतला याचा हिशोब नाही. शेवटच्या तासाला पोरं जांभया देत आणि मी खडू आपटत असे. वीस मिनिटं खो-खो खेळू दिला असता, तर उरलेल्या पंधरा मिनिटांत बहुधा जास्त शिकवून झालं असतं.

हा झाला त्याच दिवशी मिळणारा फायदा. नेमानं, महिनोन् महिने हालचाल केली तर जे होतं ते याहून खोल आहे, आणि ते समजायला केळी उत्पादकाला अजिबात वेळ लागू नये.

१९८२ साली इव्ह-ॲलन बार्ड आणि हान्स थोएनेन या शास्त्रज्ञांनी डुकराच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळं काढलं. त्याचं लांबलचक नाव ब्रेन-डिराइव्हड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर, थोडक्यात बीडीएनएफ. हे प्रथिन चेतापेशींना जगवतं, एका पेशीचे दुसऱ्या पेशीशी असलेले धागे मजबूत करतं, नवे धागे फुटायला मदत करतं. आपल्या भाषेत ठिबकमधून मुळाशी सोडलेलं खत. व्यायाम केला की मेंदूत त्याचं प्रमाण वाढतं. एकदाच पोतं ओतून बाग सुधारत नाही, थोडं थोडं रोज मुळाशी जावं लागतं, तोच नियम इथेही आहे.

हे खत सगळ्यांत जास्त कामी येतं ते मेंदूच्या एका छोट्या भागात. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. ग्रीक भाषेतला समुद्रघोडा, कारण आकार तसा. हा घोडा सारंगखेड्याच्या यात्रेत विकत मिळणारा नव्हे, प्रत्येकाच्या दोन्ही कानांच्या आत एकेक, जन्मापासून बांधलेला. नवी आठवण पक्की करणं, रस्ता लक्षात ठेवणं हे त्याचं काम. ताणावरचा लगामही काही अंशी त्याच्याच हातात असतो. ताण फार काळ चालू राहिला तर हा भाग मरगळतो. जुनाट नैराश्य असलेल्यांमध्ये तो सरासरीनं लहान आढळतो.

१९९९ साली कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये उंदरांच्या पिंजऱ्यात धावायचं चाक ठेवलं गेलं. चाकावर मनसोक्त पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त टिकल्या, आणि ते नवी गोष्ट लवकर शिकले. केळीच्या जुन्या खोडाशी पील, म्हणजे नवा कोंब, फुटावं आणि त्याचीच पिलबाग व्हावी, तसं. माणसाच्या मेंदूत मोठेपणी अशी पिलं फुटतात की नाही, यावर मात्र शास्त्रज्ञांत जुंपलेली आहे. १९९८ साली फुटतात असा पुरावा पुढे आला. २०१८ साली थोड्याच दिवसांच्या अंतरानं दोन गटांनी अगदी उलटसुलट निष्कर्ष छापले. तो वाद अजून मिटलेला नाही. पण नवी पेशी फुटो न फुटो, असलेल्या पेशींचे धागे दाट होतात याला त्या वादानं धक्का लागत नाही.

माणसांवरचा गाजलेला प्रयोग २०११ सालचा. ५५ ते ८० वयाचे १२० लोक, दोन गट. एकानं आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायचं, दुसऱ्यानं फक्त अंग ताणायचे हलके प्रकार करायचे. वर्षानंतर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढलेला आढळला. दुसऱ्या गटाचा, वयाप्रमाणे होतं तसा, थोडा आक्रसला होता. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसला नाही, म्हणून "चाला आणि मेंदू वाढवा" अशी पाटी लावायला मी जाणार नाही. झीज मंदावते एवढं म्हटलं तरी माझ्यासारख्या पन्नाशीतल्या माणसाला पुरेसं आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवायला आता मला समुद्रघोड्याची गरज पडते.

हे आठवणीचं आणि एकाग्रतेचं झालं. मन हलकं होणं ही त्याच्या शेजारची, पण वेगळी गोष्ट. लोक पटकन सांगतात, व्यायाम केला की एंडॉर्फिन सुटतं आणि आनंद होतो. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. मेंदूभोवती एक पहारा असतो, आणि तो मोठ्या रेणूंना अडवतो. जर्मनीत २०२१ साली धावणाऱ्यांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन पळवलं, तरी धावल्यानंतरची त्यांची तरतरी तशीच राहिली. संशय आता दुसऱ्या रेणूवर जास्त आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात १९९२ साली तो सापडला आणि त्याचं नाव ठेवलं ॲनंडामाइड, आपल्या संस्कृतातल्या आनंद शब्दावरून. हा रेणू पहारा सहज ओलांडतो, आणि दम लागेल असा व्यायाम केल्यावर रक्तात वाढतो. गांजातला मुख्य पदार्थ मेंदूतल्या ज्या कुलुपांना लागतो, त्याच कुलुपांची ही घरची किल्ली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं एकदम जागी होतात.

त्याहून मला भावलेली गोष्ट स्नायूंची आहे. ताणाच्या काळात शरीरात कायनुरेनिन नावाचा पदार्थ वाढतो. तो रक्तातून मेंदूत जातो आणि नैराश्याशी त्याचा संबंध आढळला आहे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेनं २०१४ साली उंदरांवर दाखवलं, की कसलेले स्नायू या पदार्थाचं रूप बदलून टाकतात, आणि बदललेलं रूप मेंदूच्या पहाऱ्यातून आत जाऊ शकत नाही. स्नायू ओझं उचलायलाच असतात असं आपण धरून चालतो. इथे ते गाळणीचं काम करताना दिसले. मांड्या-पोटऱ्यांनी डोक्याची काळजी वाहावी, ही कल्पनाच मला आवडते.

आता जरा रस्त्यावर या. पहाटे साडेचारला चोपडा-शिरपूर रस्त्यानं गेलात तर काळोखात पोरांचे घोळके पळताना दिसतील. पोलीस भरती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. पळून आलं की आंघोळ, मग अभ्यासिका. यातली काही पोरं माझ्याकडे गणित-बुद्धिमत्तेसाठी येतात, आणि नुसतं बसून तयारी करणाऱ्यांपेक्षा ती परीक्षेला कमी घाबरतात हे मी पाहत आलो होतो. कारण त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं, "सर, छाती तर ग्राउंडवर रोजच धडधडते. मरत तर नाही ना."

त्यानं नकळत एक मोठं तत्त्व सांगून टाकलं. घबराटीत शरीराची लक्षणं कोणती? छातीत धडधड, धाप, घाम, पाय लटपटणं. आणि जोरात पळाल्यावर? अगदी हीच. घाबरट मन धडधडीचा अर्थ "आता काहीतरी वाईट होणार" असा लावतं, मग भीतीनं धडधड वाढते, वाढलेल्या धडधडीनं भीती वाढते. जो रोज स्वतःहून धडधड ओढवून घेतो, आणि पाच मिनिटांत ती आपोआप उतरताना पाहतो, त्याच्या मेंदूला हळूहळू कळतं की ही धडधड निरुपद्रवी आहे. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर छाती उडाली तरी ती ओळखीची असते. चिंतेच्या आजारावरच्या मानसोपचारात मुद्दाम असा सराव करून घेतात.

या पोरांचं एक चुकतं तेही सांगतो. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे चारला ग्राउंड. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. व्यायामानं गाढ झोपेला मदत होते, पण झोपच कापून व्यायाम केला तर बांध फोडून पाणी भरल्यासारखं आहे.

विचार सुचण्याबद्दलही एक मजेदार प्रयोग आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ साली लोकांना बसून आणि चालता चालता कल्पना सुचवायला सांगितल्या. एखाद्या वस्तूचे जितके सुचतील तितके वेगळे उपयोग सांगा, अशा प्रकारच्या. चालताना नव्या कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी वाढल्या, आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चाललं तरी फायदा झाला. मात्र ज्या कोड्याचं एकच बरोबर उत्तर असतं, तिथे चालण्याचा उपयोग झाला नाही, उलट किंचित तोटाच दिसला. म्हणून वाट सापडत नसेल तेव्हा उठून चालावं आणि हिशोब जुळवायचा असेल तेव्हा बसावं. आमच्या अमळनेरला १९१६ सालापासून तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे. तिथली माणसं बसून विचार करत की फिरून, हे कोणी लिहून ठेवलं असतं तर मी आवडीनं वाचलं असतं.

तर हे सगळं वाचून झालं, आणि नानांचा प्रश्न तिथल्या तिथेच. खत, गाळणी, धडधड, सगळं खरं असेल तर रोज दहा तास राबणाऱ्या माणसाला ते का मिळू नये?

याच कोड्याला संशोधकांनी नावही दिलंय, शारीरिक श्रमाचा विरोधाभास. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून पाहिले गेले. फावल्या वेळात स्वतःच्या मर्जीनं केलेली हालचाल चांगल्या मनःस्वास्थ्याशी जोडलेली आढळली. पोटासाठी केलेल्या कष्टाच्या कामात तसा फायदा दिसला नाही, आणि जास्त कष्टाचं काम असलेल्यांमध्ये मानसिक त्रास उलट जास्तच आढळला. यात गरिबीचा, कर्जाचा वाटा किती आणि श्रमाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण नानांच्या दिवसाकडे नीट पाहिलं की बरंच काही उलगडतं.

व्यायामात अंगाला ताण मिळतो थोडा वेळ, मग विश्रांती. हृदयाची गती वर चढते आणि परत खाली उतरते, आणि फायदा या चढ-उतारात आहे. कापूस वेचणारी बाई सात-आठ तास वाकलेली असते, हृदय ना धड वर ना धड खाली, कंबर मात्र धरलेली. केळीची कापणी असेल तर वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर, एकामागून एक, गाडी भरेपर्यंत. वेग तुम्ही ठरवत नाही, गाडीवाला ठरवतो. दमलात तर थांबता येत नाही. वर मे महिन्यातलं ऊन, पारा ४४-४५ला. शरीरातलं पाणी वजनाच्या २ टक्क्यांनी जरी घटलं तरी लक्ष आणि मूड दोन्ही बिघडतात. खानदेशातल्या वावरात दुपारी बारापर्यंत तेवढं पाणी घामात सहज जातं.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, हात राबत असतात तेव्हा डोकं रिकामं असतं. ते काय करतं? रवंथ. मानसशास्त्रात या प्रकाराला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ शब्दशः हाच, जनावराचं रवंथ. तीच चिंता पोटातून वर आणायची, चघळायची, गिळायची, परत वर आणायची. केळीचा बोर्डाचा भाव रावेरला किती, बऱ्हाणपूरला किती. सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूचा रोग आला तर झाडं उपटावी लागतील. जूनच्या तोंडावर वादळ आलं तर उभी बाग एका रात्रीत आडवी. नाना ज्या वावरात राबतात तेच वावर त्यांची चिंता आहे. चिंतेच्या मध्यावर उभं राहून घाम गाळला, तर चिंता घामाबरोबर कशी वाहून जाईल?

सगळंच कामातलं चालणं वाया जातं असं मात्र समजू नका. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि १९५३ साली ती छापली. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकाराचा त्रास कमी होता. तो अभ्यास हृदयाचा होता, मनाचा नव्हे, आणि आपल्या एस.टी.ला वरचा मजला नाही. पण कंडक्टरचं काम म्हणजे थोडं चढणं, थोडं उभं राहणं, चार माणसांशी बोलणं. घड वाहण्यापेक्षा ते वेगळं आहे.

मी नानांना हे सगळं एका संध्याकाळी सांगितलं. समुद्रघोडा त्यांना फार आवडला. मग म्हणाले, "मंग मनं राबनं फुकट गयं का?" फुकट नाही. हाडं, स्नायू, भूक यांना ते मिळालंच आहे, घर त्यावर चाललंय. त्यांना आणखी कष्ट नकोत. रोज अर्धा तास असा हवा, ज्यात हृदय त्यांच्या मर्जीनं वर चढेल, मर्जीनं उतरेल, आणि समोर बाग नसेल.

किती करायचं, हे थोडक्यात सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनेप्रमाणे मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारं काही. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम. आकडा मोठा वाटला तर नॉर्वेचा अभ्यास लक्षात ठेवा. सुमारे ३४ हजार लोकांवर ११ वर्षं लक्ष ठेवून संशोधकांनी २०१८च्या सुमाराला अंदाज मांडला, की प्रत्येकानं आठवड्याला फक्त एक तास व्यायाम केला असता तर नैराश्याची १२ टक्के नवी प्रकरणं टळली असती. तोही हळू किंवा जोरात, कसाही चालेल.

वेळ मात्र आपली आपण निवडायची. इंग्रजी मासिकात लिहितात, दुपारच्या जेवणानंतर बाहेर चक्कर मारा. भुसावळ-जळगावात एप्रिल-मेमध्ये ते वाचून हसावं की रडावं? आपल्याकडे साडेपाच ते सात. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळही जागेवर येतं, रात्री झोप वेळेवर लागते. हिवाळ्यात धुळ्याकडे पारा सहा-सातवर उतरतो तेव्हा थोडा उशीर चालेल. हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून सुरुवात करायची.

बायकांची अडचण वेगळी. गावात एकटी बाई नुसती "फिरायला" निघाली की चार ओट्यांवर चौकशी सुरू. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणींनी त्यावर तोडगा काढला, घोळक्यानं निघायचं, साडीवर कॅनव्हासचे बूट घालून, उजाडायच्या आत गावाबाहेर. बोलत बोलत चालतात, आणि त्या बोलण्याचाही मनावर चालण्याइतकाच गुण येत असणार असं मला वाटतं. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला याच बाया तीन-तीन तास नाचतात. तोही व्यायामच. मुक्ताईनगरहून पालखी निघते ती महिनाभराहून जास्त चालून पंढरपूरला पोचते. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे आपल्याकडून पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. परत आलेल्यांना विचारा, पाय सुजलेले असतात आणि चेहरा उजळलेला. श्रद्धा, सोबत, मोकळं रान आणि रोजच्या कटकटीपासून लांब असणं, यातलं कशानं किती झालं हे कोणी मोजू नये.

एक गोष्ट घाईत सांगण्यासारखी नाही. उदास वाटणं वेगळं आणि नैराश्याचा आजार वेगळा. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९९९ साली पन्नाशीपुढच्या, नैराश्याचं निदान झालेल्या १५६ जणांना तीन गटांत वाटलं, एकाला व्यायाम, एकाला गोळ्या, एकाला दोन्ही. गोळ्या घेणाऱ्यांना फरक लवकर पडला, पण १६ आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. हे वाचून कोणी आपल्या गोळ्या बंद करू नयेत. व्यायामाच्या गटांतल्या लोकांना आठवड्यातून तीनदा ठरलेल्या वेळी, देखरेखीखाली व्यायाम करवून घेणारं कोणीतरी होतं. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला "जरा फिरून ये, बरं वाटेल" म्हणणं म्हणजे मोडल्या पायाच्या माणसाला पळायला सांगणं. पोरीच्या लग्नानंतरच्या वर्षी मी स्वतः तीन महिने त्या अंथरुणात होतो. आधी औषध सुरू झालं, उठण्याइतकं बळ आलं, मग चालणं. सहाव्या-सातव्या आठवड्यात एका सकाळी मला चहाची चव लागली, एवढंच आठवतं. नकोसे विचार यायला लागले तर थांबू नये. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र.

नाना आता रोज निघतात. माझ्याबरोबर नाही, माझा वेग त्यांना "पोरखेळ" वाटतो. शेजारचे आप्पा आणि ते, दोघं संध्याकाळी कालव्याच्या पाटचारीनं मारुतीच्या पारापर्यंत जातात आणि येतात. बागेच्या उलट दिशेला, हे त्यांनीच ठरवलं. पहिल्या आठवड्यात सगळा रस्ता केळीच्या भावातच गेला, तेव्हा आप्पांनी नियम काढला, जो भावाचं नाव काढेल त्यानं पारावर चहा पाजायचा. काकू म्हणते झोप आता बरी आहे, मधे एकदाच जाग येते. परवा मी पारावर भेटलो तर चहावाल्याच्या पाटीवर नानांच्या नावापुढे आठवड्यात चार चहा मांडलेले. मी काही बोलायच्या आत आप्पाच म्हणाले, "गेल्या महिन्यात आठवड्याला अकरा होते."